‘धुराड्याला तडे गेलेत’ सांगून होणारी लूट

फोन येतो किंवा दारावर माणूस उभा राहतो. इथे जवळच काम चालू आहे, तुमचंही धुराडं आजच्या आज अगदी कमी पैशांत साफ करून देतो, असं सांगतो. पैसे खरंच कमी असतात, इतके की शिडी, ब्रश आणि माणसाचे दोन तास यांचा मेळ त्यात बसणारच नाही. पंधरा-वीस मिनिटं शेगडीत खुडबुड होते, व्हॅक्युमचा आवाज येतो आणि मग सफाईवाला गंभीर चेहऱ्याने मोबाइल पुढे करतो. फोटोत धुराड्याच्या आतल्या भाजक्या मातीच्या नळीला उभी भेग दिसत असते. “आत तडे गेलेत. पुन्हा जाळ केलात तर घर पेटेल, मग मला सांगू नका.” पाठोपाठ नव्या स्टीलच्या नळीचा हिशेब निघतो. निम्मे पैसे आत्ता, आणि तेही रोख.

लाकडाच्या शेगडीवर घर गरम ठेवणाऱ्यांना लुटण्याची ही ठरलेली पद्धत आहे. थंडी तोंडावर आलेली असते, घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असतं आणि धुराड्याच्या आत काय आहे हे घरातल्या कुणीच कधी पाहिलेलं नसतं. सगळा धंदा या शेवटच्या गोष्टीवर चालतो. म्हणून इथे त्यांच्या एकेका युक्तीसोबत खरं काम कसं होतं तेही सांगतो आहोत. धुराडं सरळ असेल आणि शेगडीतूनच ब्रश वर जात असेल, तर नेहमीची सफाई घरच्या घरी होते.

आधी फोटोचं बघू. आपलं धुराडं आतून कसलं आहे एवढं माहीत असलं तरी निम्मे फोटो तिथेच खोटे ठरतात. गोल स्टीलची नळी, भाजक्या मातीच्या चौकोनी किंवा गोल नळ्या, की नुसती विटांची पोकळी, यातलं एक काहीतरी असतं. स्टीलची नळी असलेल्या घरात मातीच्या नळीच्या भेगेचा फोटो दाखवल्याचे प्रकार होतात, आणि लोक घाबरून मान डोलावतात. फोटो मागूच नका. कॅमेरा तुमच्यासमोर, तुमच्या खोलीपासून सुरू होऊन शेगडीच्या दारातून वर जाईल असा सलग व्हिडिओ मागा. मध्ये तुटलेला व्हिडिओ चालणार नाही म्हणून सांगा. दर हंगामाआधी स्वतःच टॉर्च आणि मोबाइल घेऊन खालून वर असे चार फोटो काढून ठेवले, तर ताडून पाहायला आपलाच पुरावा राहतो.

भेग खरी असली तरी प्रत्येक भेग सारखी नसते. मातीच्या नळीच्या पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं असू शकतं, त्याने नळी फुटत नाही. आरपार गेलेली उभी भेग, सांध्यातला निखळलेला मसाला किंवा जागेवरून सरकलेला तुकडा मात्र गंभीर, कारण तिथून गरम वायू आजूबाजूच्या लाकडी बांधकामापर्यंत पोचतो. धुराड्यात आग लागून गेली असेल तर फक्त भेग दिसत नाही. काजळी फुगून छिद्रंछिद्रं पडलेली असते, झडप किंवा धुराड्याच्या तोंडावरच्या टोपीचा पत्रा वाकलेला असतो, छपरावर काळे पापुद्रे पडलेले सापडतात. यातलं काहीच नसताना कुणी “आग लागून गेलीय” म्हणत असेल तर त्याला या खुणा दाखवायला सांगा.

दुसरी थाप मालाची, म्हणजे निघालेल्या काजळीची. “काठोकाठ भरलं होतं साहेब, बरं झालं आम्ही आलो.” इथे साधं गणित कामी येतं. धुराडं १५० मिलिमीटर व्यासाचं आणि ७ मीटर उंच असेल, तर त्याच्या आतल्या भिंतीचं क्षेत्रफळ सुमारे ३.३ चौरस मीटर होतं. त्यावर १ मिलिमीटर थर म्हणजे सव्वातीन लीटर काजळी आणि ३ मिलिमीटर म्हणजे जवळपास १० लीटर, म्हणजे एक भरलेली बादली. खरवडल्यावर ती आणखी फुलते. काठोकाठ भरलेल्या धुराड्यातून निघालेला माल दोन ओंजळींचा असेल, तर एक तर ते भरलेलं नव्हतं किंवा ते साफ झालेलं नाही. सफाईवाल्याला पिशवी उघडून दाखवायला सांगायला लाजू नका.

आणि ३ मिलिमीटर हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. थर तेवढा झाला की सफाई करायची, त्यापलीकडे जाऊ द्यायचं नाही. मोजायला चार बँक कार्डं एकावर एक ठेवा, जाडी साधारण तेवढीच भरते. शेगडीला जोडलेल्या पाइपात स्क्रूड्रायव्हरने ओरखडा काढून त्याच्या कडेशी ही जाडी ताडून बघता येते. धुरातलं न जळलेलं डांबर म्हणजेच क्रिओसोट. धुराचं तापमान साधारण १२० अंश सेल्सियसच्या खाली गेलं की ते नळीच्या भिंतीवर जमू लागतं. ओलं लाकूड, रात्रभर घुसमटत ठेवलेला जाळ आणि घराबाहेर उघडं असलेलं थंड धुराडं ही त्याची तीन मुख्य कारणं. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. तो ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजायचा, बाहेरून मोजलेला आकडा फसवा असतो.

आता काम. आदल्या दिवसापासून शेगडी बंद ठेवा आणि राखेत निखारे नाहीत ना, हे उकरून बघा. राखेखाली निखारा दोन-दोन, तीन-तीन दिवस जिवंत राहतो. राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत भरून बाहेर दगडी किंवा सिमेंटच्या जमिनीवर ठेवायची, लाकडी फळ्यांवर नाही. तोंडाला अगदी बारीक धूळ अडवणारा एफएफपी-३ दर्जाचा मास्क, डोळ्यांना बंद गॉगल, हातमोजे. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला तो १७७५ मध्ये, तेव्हा मास्कला फाजील काळजी समजू नका. घरातला साधा व्हॅक्युम वापरला तर बारीक काजळी फिल्टरमधून निसटून खोलीभर उडते. राखेसाठीचा, अतिबारीक कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्युमच लागतो.

शेगडीच्या वरच्या भागात एक आडवी पाटी असते, बॅफल. ती बहुधा व्हर्मिक्युलाइट या उष्णता सोसणाऱ्या हलक्या खनिजाची असते, बिस्किटासारखी तुटते. काढण्याआधी फोटो घ्या, मग एक बाजू उचलून तिरकी करून खाली घ्या. वीस मिनिटांत काम उरकणारे हिला हातच लावत नाहीत, आणि इथेच खरा धोका आहे. वरून खरवडलेली सगळी काजळी बॅफलवर साठते आणि धुराची वाट अर्धी बुजते. सफाईनंतर पहिल्याच जाळात खोलीत धूर येऊ लागला तर आधी हीच जागा तपासा. सफाईवाला परत येऊन “आता नळीच बदलावी लागेल” म्हणेल, तेव्हा त्याच्याआधी बॅफल काढून बघितलेली असावी.

ब्रश धुराड्याच्या आतल्या व्यासाचाच घ्यायचा. मातीच्या नळीला तारेचा चालतो, स्टीलला नायलॉन किंवा पॉलीप्रॉपिलिनचा. स्टेनलेस नळीत साध्या लोखंडी तारेचा ब्रश फिरवला की तारेचे कण चिकटून तिथे गंज धरतो आणि लवचिक नळीचा पातळ पत्रा खरचटतो. ब्रशला एकापुढे एक जोडायचे दांडे १-१ मीटरचे असतील तर उंचीपेक्षा एक जास्त घ्या, म्हणजे ७ मीटरला ८. दांडे आट्यांचे असतील तर ब्रश वर-खाली नेताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेनेच फिरवत राहायचं. उलट फिरवलं की आटे सुटतात आणि ब्रश वरच अडकतो. तारेचा घट्ट ब्रश मध्येच थांबवून मागे ओढायचा नाही, तारा उलट्या वळून रुततात. तो वरच्या तोंडापर्यंत नेऊन मगच खाली आणायचा. खोलीत काजळी उडू नये म्हणून शेगडीच्या दारावर प्लास्टिक चिकटवून त्याला दांड्यापुरतं भोक ठेवा. तीन-चार फेऱ्या पुरतात. खाली पडणाऱ्या काजळीचा आवाज थांबला की काम झालं.

छपरावर जाणं टाळता येत असेल तर टाळाच. ओल्या किंवा तीव्र उताराच्या छपरावर काजळीसाठी जीव धोक्यात घालायचं कारण नाही. मात्र टोपीची जाळी कधी तरी बघायला लागते, कारण तीच सर्वांत थंड जागा, क्रिओसोट तिथे आधी जमतं आणि जाळीची भोकं बुजतात. धुराडं ओढ घेत नाही, शेगडी पेटत नाही, दार उघडलं की धूर अंगावर येतो, ही सगळी लक्षणं नुसत्या बुजलेल्या जाळीचीही असतात. त्याच जाळीपायी लोकांना पूर्ण नळी विकली जाते. दुर्बीण घेऊन जमिनीवरून बघितलं तरी जाळी काळी मिट्ट आहे की उजेड दिसतो, हे कळतं.

कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू मोजणाऱ्या यंत्राचा खेळ आणखी एक. थंड शेगडीजवळ यंत्र धरून आकडा दाखवतात आणि घर सोडायला सांगतात. थंड आणि निखारे नसलेली शेगडी हा वायू तयार करू शकत नाही. आकडा खरा असेल तर उगम दुसरा आहे, गॅसचा बॉयलर किंवा चालू इंजिन. हायड्रोजन आणि काही फवाऱ्यांतल्या अल्कोहोलनेही असा सेन्सर हलतो. पण म्हणून इशारा दुर्लक्षायचा नाही. आकडा दिसला की बाहेर पडायचं आणि अग्निशमन किंवा गॅस कंपनीच्या माणसाला बोलवायचं, नळी विकणाऱ्याला नाही. स्वतःचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म शेगडी असलेल्या खोलीत कायम लावलेला हवा.

सफाईची पूड आणि शेगडीत जाळायचे ‘सफाई ओंडके’ ब्रशच्या बदल्यात विकले जातात. त्यांनी चिकट थर कोरडा होऊन ठिसूळ होतो, हे खरं. पण सुटलेला थर वळणांवर आणि बॅफलवर साचतो, तो बाहेर काढायला ब्रश लागतोच. वापरलेच तर ब्रशच्या आधी वापरा.

एक थर मात्र घरी हात लावण्यासारखा नसतो. ओतून थिजलेल्या डांबरासारखा, चकचकीत आणि कडक. ब्रश त्यावरून नुसता घसरतो, आणि हाच थर पेटला तर धुराड्यातलं तापमान १००० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकतं. आग लागून गेल्याची शंका असेल, नळीत जास्त वळणं असतील, आत पक्ष्याचं घरटं असेल, तरीही जाणकार माणूसच बोलवायचा. त्याची पारख सोपी आहे. फोनवरच उंची, व्यास आणि इंधन विचारतो, कामाला एक-दीड तास लागेल म्हणतो, बॅफल काढतो, आणि दुरुस्ती निघाली तर लेखी अंदाज देऊन निघून जातो. त्याच दिवशी आगाऊ रक्कम मागत नाही. मोठी दुरुस्ती सांगितली गेली की दुसरं मत अशा माणसाकडून घ्यावं, जो फक्त तपासणी करतो, दुरुस्ती विकत नाही.

नळी बसवून घेतलीच असेल आणि मन खात असेल, तर शेगडीच्या वर ती दिसते तिथे टॉर्च मारा. लाकडासाठीची लवचिक नळी दुहेरी पत्र्याची असते, आतून गुळगुळीत लागते. गॅससाठीची एकपदरी नळी आतूनही पन्हाळीसारखी खाचांची असते आणि ती स्वस्त पडते, म्हणून तीच लाकडाच्या धुराड्यात घातली जाते. ती क्रिओसोटचं आम्ल आणि उष्णता सोसत नाही. दुहेरी नळीवर सहसा धूर जाण्याच्या दिशेचे बाण छापलेले असतात. बाण उलटे असतील तर आतल्या पत्र्याच्या सांध्यातून डांबर पाझरायला लागतं. स्टीलची श्रेणी, ३१६ की ९०४, पावतीवर लिहिलेली असायला हवी आणि नळीवरच्या छापाशी जुळायला हवी. जुळत नसेल तर छाप, बाण आणि पावती यांचे फोटो काढा, कार्डाने पैसे दिले असतील तर बँकेकडे व्यवहारावर हरकत घ्या, आणि तपासणी होईपर्यंत त्या शेगडीत जाळ करू नका.