क्रॉस-लिंकिंग: बुबुळाचा थर काढून की ठेवून?

केराटोकोनस (बुबुळ, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार) वाढतोय असं दोन टोपोग्राफींत (बुबुळाच्या आकाराच्या नकाशांत) दिसलं की डॉक्टर क्रॉस-लिंकिंग, म्हणजे थेंब आणि किरणांनी बुबुळ कणखर करून आजार थोपवण्याचा उपचार, सुचवतात. मग ठरवायचं असतं, की बुबुळावरचा नाजूक थर काढून ते करायचं (एपी-ऑफ) की थर तसाच ठेवून (एपी-ऑन). ‘एपी-ऑनमध्ये दुखत नाही’ एवढं ऐकून बरेच जण निर्णय घेऊन टाकतात. मला ही घाई घातक वाटते.

एपी-ऑफ ही ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००३ मध्ये मांडलेली पद्धत. थर काढायचा, अर्धा तास रायबोफ्लेविनचे (ब-२ जीवनसत्त्वाचे) थेंब मुरवायचे, मग अर्धा तास अतिनील किरण. हल्ली किरण तीव्र करून ही वेळ कमी करतात. थर नसल्यामुळे औषध खोलवर पोचतं. पण डोळ्यात उघडी जखम असते. बँडेज लेन्स (जखम झाकणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स) लावली तरी दोन-तीन दिवस डोळा ठणकतो, उजेड सोसत नाही. पुढे बुबुळावर धूसरपणा येतो. पहिले एक ते तीन महिने तो जास्त जाणवतो आणि बहुतेकांचा वर्षभरात विरतो. थोड्यांच्या बुबुळावर मात्र कायमचा व्रण राहतो. झुरिचच्या डॉक्टरांच्या २००९ च्या अभ्यासात २.९ टक्के डोळ्यांची नजर तक्त्यावर दोन किंवा जास्त ओळींनी घटली होती. वय ३५ च्या पुढे आणि चष्म्याने आधीच चांगलं दिसत असलेल्यांना हा धोका अधिक होता. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर नजरेवर बेततो. डोळ्याला पूर्वी हर्पिस (एक विषाणूसंसर्ग) झाला असेल तर तो पुन्हा उसळू शकतो, म्हणून हे डॉक्टरांना आधीच सांगा.

एपी-ऑनमध्ये जखमच नसल्याने यातलं बरंचसं टळतं. अडचण अशी, की तोच शाबूत थर रायबोफ्लेविन अडवतो, काही किरण शोषतो आणि प्राणवायूही वापरून टाकतो. त्यामुळे परिणाम वरवरचा राहू शकतो. जास्त मुरणारी नवी औषधं आणि प्राणवायूचा पुरवठा यांनी ही पद्धत सुधारली आहे. तुमच्या दवाखान्यात यातलं काय वापरतात ते विचारा. इथली खरी गुंतागुंत म्हणजे आजार पुढे सरकत राहणं. ते दुखत नाही, म्हणून उशिरा कळतं, आणि तोवर बुबुळ आणखी पातळ झालेलं असतं.

मुलांत आजार झपाट्याने वाढतो. ब्रिटनमध्ये १० ते १६ वर्षांच्या मुलांवर झालेल्या चाचणीत दीड वर्षात उपचार न केलेल्यांपैकी ४३ टक्क्यांचा आजार वाढला, एपी-ऑफ केलेल्यांपैकी ७ टक्क्यांचा. म्हणून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलासाठी मी तीन दिवसांचं दुखणं पत्करून एपी-ऑफच निवडेन. वय चाळिशीकडे झुकलंय, नजर चांगली आहे आणि रिपोर्ट स्थिर आहेत, तर आधी विचारा की उपचार आत्ता खरंच हवाय का. थर काढल्यावर जाडी ४०० मायक्रॉनपेक्षा कमी भरणार असेल, तर नेहमीच्या पद्धतीने बुबुळाच्या आतल्या पेशींना इजा होऊ शकते. तिथे बुबुळ फुगवणारे थेंब किंवा एपी-ऑन, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या.

कुठलीही पद्धत घेतली तरी डोळे चोळणं थांबलंच पाहिजे. अ‍ॅलर्जीची खाज असेल तर तिचे थेंब आधी सुरू करून घ्या.

आणि कमी झालेला ठणका पुन्हा वाढला, लाली चढली, घाण येऊ लागली किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर लेन्स स्वतः न काढता त्याच दिवशी डोळा दाखवा, रविवार असला तरी.