मुलीच्या अमेरिकेतल्या घरासाठी नौपाड्यात घेतलेला टॅक्सचा सल्ला, आमचा अनुभव

लेक आणि जावई न्यू जर्सीला एडिसनच्या बाजूला सहा वर्षं भाड्याच्या घरात राहतायत. २०२५ मध्ये जावयाला कंपनीने विचारलं की टेक्सासमधल्या डॅलसच्या ऑफिसला जाणार का नॉर्थ कॅरोलायनातल्या रालेला, आणि दोघांनी ठरवलं की आता जिथे जाऊ तिथे स्वतःचं घरच घ्यायचं, नातू शाळेत जायच्या आत. डाउन पेमेंटला आम्ही इथून ४० हजार डॉलर देणार होतो, आमच्या रिटायरमेंटच्या पैशातला मोठा भाग आहे तो, त्यामुळे मला सगळं नीट समजून घ्यायचंच होतं. जो तो एकच सांगत होता, टेक्सासला राज्याचा इन्कम टॅक्स नाही, डोळे मिटून तिकडे जा. माझा भाचा तिकडे आहे तोही हेच म्हणाला. मला राहून राहून वाटायचं की अहो पण मग ते राज्य, तिथल्या शाळा, रस्ते, हे चालतं कशावर?

तर शेवटी मी आणि आमचे हे, दोघं नौपाड्यातल्या एका सल्लागारांकडे गेलो जे परदेशातल्या मुलांच्या टॅक्सचं आणि इथून पैसे पाठवायचं काम बघतात. गोखले रोडवरून राम मारुती रोडकडे वळलं की जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, गुडघे दुखत असतील तर आधीच फोन करून सांगा, ते व्हिडिओ कॉलवरही बोलतात. नाव इथे टाकत नाही कारण खाली तक्रारही लिहिली आहे आणि तीन माणसांचं छोटं ऑफिस आहे. फी दोन सिटिंगची मिळून साडेसात हजार, त्यात एक एक्सेल शीट बनवून देतात. गाडी नेऊ नका, तलावपाळीपासून चालत गेलेलं बरं, पार्किंग मिळतच नाही.

पहिल्या सिटिंगला वेळ अकराची दिली होती आणि आत बोलावलं बारा वाजायला आले तेव्हा. बाहेर प्यायचं पाणी नाही, फॅन एकच. हे चिडले होते, परत जाऊ म्हणत होते. पण आत गेल्यावर त्या सरांनी जे समजावलं ते मी दोन वर्षं यूट्यूब बघूनही मला कळलं नव्हतं.

त्यांनी सुरुवात आमच्याच घरपट्टीपासून केली. मी सोबत ठाणे महानगरपालिकेचं बिल नेलं होतं (असंच फाइलमध्ये होतं), ते समोर ठेवून म्हणाले काकू, हे बघा सामान्य कर, जललाभ कर, मलनिःसारण, वृक्ष कर, शिक्षण कर, हे सगळं करयोग्य मूल्यावर लावलंय, आणि करयोग्य मूल्य म्हणजे घराला वर्षाला किती भाडं येईल असं धरलेलं असतं त्यातून दहा टक्के वजा. आजचा बाजारभाव त्यात येतच नाही. म्हणून पाचपाखाडीतल्या आमच्या टू बीएचकेची पट्टी वर्षाला अकरा हजारांच्या आत बसते, फ्लॅटची किंमत दीड कोटीच्या वर असूनही. आणि इन्कम टॅक्स आपल्याकडे केंद्राचा, राज्याला शेतीच्या उत्पन्नाशिवाय इन्कम टॅक्स लावताच येत नाही, राज्य पगारातून घेतं तो प्रोफेशन टॅक्स, तोही वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये. म्हणजे आपल्याला "राज्याचा इन्कम टॅक्स का घरपट्टी" हा प्रश्न कधी पडलाच नाही. तिकडे केंद्राचा टॅक्स सगळीकडे सारखा, त्याच्यावर राज्याचा वेगळा, आणि घराचा टॅक्स काउंटी, गाव आणि शाळेचा जिल्हा असे मिळून घेतात, तोही घराच्या बाजारभावाच्या हिशोबाने, आणि मूल्यांकन पुन्हा पुन्हा होतं.

न्यू जर्सीचा आकडा ऐकून मी त्यांना परत विचारलं, बरोबर ना? तिथे सरासरी घराचा प्रॉपर्टी टॅक्सच वर्षाला १० हजार डॉलरच्या घरात आहे, रुपयात आठ-नऊ लाख. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांना जातो. हे समजल्यावर जरा राग कमी झाला कारण नातवाची शाळा तिथे त्यातच फुकट आहे, इथे आम्ही लेकीच्या शाळेची फी वेगळी भरलीच होती की.

मग शीट. दोघांची कमाई मिळून दीड लाख डॉलर आणि घर पाच लाख डॉलरचं, हे तिन्ही राज्यांत सारखं धरलं. एडिसनला पाच लाखात जे मिळतं आणि रालेच्या बाहेर जे मिळतं त्यात जमीन अस्मानाचा फरक आहे हे सरांनी आधीच सांगितलं, तुलना करता यावी म्हणूनच सारखं धरलं. न्यू जर्सीला घराचा टॅक्स साधारण २.२ टक्के, म्हणजे ११ हजार, वर राज्याचा इन्कम टॅक्स पावणेपाच हजाराच्या आसपास. पावणेसोळा हजार झाले, ते बाजूलाच ठेवलं. टेक्सासला इन्कम टॅक्स शून्य आणि घराचा १.८ टक्के धरून ९ हजार. नॉर्थ कॅरोलायनात घराचा ०.९ टक्के म्हणजे साडेचार हजार, आणि इन्कम टॅक्स २०२५ ला सरसकट ४.२५ टक्के, पण दीड लाखातून नवरा-बायकोची साडेपंचवीस हजाराची सूट वजा करून, म्हणजे ५,३०० च्या जवळपास. बेरीज ९,८००.

ज्या शून्यासाठी सगळे टेक्सासला जा जा म्हणत होते त्याचा फायदा वर्षाला आठशे डॉलर! महिन्याचे सत्तरसुद्धा नाहीत. मला वाटलं झालं, तरी पण टेक्सासच पुढे आहे. तेव्हा सर म्हणाले काकू, आता असं धरू की एकाची नोकरी गेली आणि कमाई निम्म्यावर आली.

इथे मला सांगायला हवं की २०२३ मध्ये लेकीची आख्खी टीम काढली होती. व्हिसाचं म्हणाल तर नोकरी गेली की साठ दिवसांची मुदत, त्यात दुसरी नोकरी नाही मिळाली म्हणून ती जावयाच्या व्हिसावर डिपेंडंट होऊन पाच महिने घरी बसली होती. ते पाच महिने रात्री फोन वाजला की माझ्या पोटात गोळा यायचा. त्यामुळे सरांनी हा प्रश्न काढला तेव्हा आम्ही दोघं एकदम गप्प झालो.

पंच्याहत्तर हजार कमाई टाकली शीटमध्ये. नॉर्थ कॅरोलायनाचा इन्कम टॅक्स ५,३०० वरून २,१०० वर आला, घराचा साडेचार तसाच, बेरीज ६,६००. टेक्सासचे ९ हजार आहेत तिथेच राहिले. कमाई अर्धी झाली तरी एक डॉलर कमी नाही. इन्कम टॅक्स पगाराबरोबर खाली येतो, घराचा टॅक्स पगार बघतच नाही, ऑक्टोबरला बिल येणार आणि ३१ जानेवारीच्या आत भरायचंच, नाहीतर फेब्रुवारीपासून दंड आणि व्याज. (आपल्याकडेही थकली की महिन्याला दोन टक्के शास्ती लागतेच, पण अकरा हजारावरचे दोन टक्के आणि ९ हजार डॉलरवरचा दंड, फरक आहे.) बहुतेक लोक तो कर्जाच्या हप्त्यातच बँकेकडे जमा करतात, एस्क्रो म्हणतात त्याला, म्हणजे हप्ता भरता आला नाही तर दोन्ही अडकलं.

उलटंही दाखवलं त्यांनी, हे मला आवडलं, एका बाजूने बोलत नव्हते. अडीच लाख डॉलर कमाई टाकली तर नॉर्थ कॅरोलायनाची बेरीज १४ हजारावर गेली आणि टेक्सास तेच ९. पगार घराच्या किमतीच्या मानाने मोठा असेल आणि नोकरी पक्की असेल तर टेक्सास फायद्याचं, पगार ओढून ताणून आणि घर मोठं घेतलं तर तेच टेक्सास महाग. जावयाचा मित्र कॅलिफोर्नियाला आहे त्याचंही मी मध्ये विचारलं, तिथे तर १९७८ पासून नियम आहे की टॅक्स घेतलेल्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास आणि मूल्यांकन वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही, त्यामुळे तीस वर्षांपूर्वी घेतलेल्याला किरकोळ टॅक्स आणि शेजारी नवीन आलेल्याला कितीतरी पट, पण इन्कम टॅक्स वरच्या टोकाला १३.३ टक्के. ते आमच्या कामाचं नव्हतं, पण सरांनी न कंटाळता सांगितलं.

दुसरी सिटिंग शनिवारी संध्याकाळी साडेसातला ठेवली, लेकीकडे तेव्हा सकाळचे दहा, म्हणजे ती दोघं कॉलवर आली. आणि इथेच माझी मोठी तक्रार आहे. लेकीने डॅलसच्या बाहेरच्या नवीन वस्तीतलं एक घर बघून ठेवलं होतं, ती म्हणाली सर या घराच्या टॅक्समध्ये एमयूडी म्हणून वेगळी ओळ आहे, ती तुमच्या शीटमध्ये कुठे आहे? नव्हतीच. नव्या वस्तीत पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन टाकायला कर्ज काढलेलं असतं, ते फेडायला तिथल्या घरांवर हा जास्तीचा टॅक्स असतो, तो धरला तर त्या घराचा दर अडीच टक्क्यांच्या वर जात होता. म्हणजे ९ चे साडेबारा हजार! सगळं गणितच पालटलं. लेकीने बघितलं नसतं तर? घराचा इन्शुरन्सही शीटमध्ये नव्हता आणि टेक्सासला गारपिटीमुळे तो चांगलाच महाग पडतो हे जावयाला ऑफिसमधल्या लोकांकडून कळलं होतं. साडेसात हजार फी घेणाऱ्याने हे आधी विचारायला हवं, घर नवीन का जुनं, कुठल्या वस्तीत. मी तसं स्पष्ट बोलले. सरांनी चूक मान्य केली, दुसऱ्या दिवशी रविवार असून शीट नवीन करून पाठवली, पैसे वेगळे घेतले नाहीत.

त्या कॉलवर त्यांनी आणखी एक सांगितलं जे आम्हाला कोणीच बोललं नव्हतं. टेक्सासला बिल्डरचं नवं कोरं घर घेतलं तर पहिल्या वर्षाचा टॅक्स बरेचदा नुसत्या जमिनीवर किंवा अर्धवट बांधकामावर लागलेला असतो, कारण मूल्यांकन १ जानेवारीला जसं असेल तसं. हप्ता त्यावरून ठरतो, छान कमी वाटतो, आणि पुढच्या वर्षी पूर्ण घराचं बिल आलं की एस्क्रो कमी पडतो आणि हप्ता महिन्याला काहीशे डॉलरने उडी मारतो. भाच्याला फोन करून विचारलं तर तो म्हणाला हो मामी, आमचं अगदी असंच झालं होतं. मग आधी का नाही सांगितलंस रे बाळा! स्वतः राहायच्या घराला होमस्टेडची सूट मिळते, शाळेच्या टॅक्सपुरतं २०२५ पासून घराच्या मूल्यातून १ लाख ४० हजार डॉलर वजा होतात, आणि मूल्यांकन वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो. मूल्यांकन जास्त वाटलं तर हरकत घेता येते, साधारण १५ मेच्या आत. हे सगळं लेकीने लिहून घेतलं.

केंद्राच्या टॅक्समध्ये वजावट मिळते का, तर मिळते, राज्याचा इन्कम टॅक्स आणि घराचा टॅक्स मिळून आधी १० हजार डॉलरची मर्यादा होती, २०२५ साठी ती ४० हजार झाली. पण स्टँडर्ड डिडक्शनच, म्हणजे सरसकट मिळणारी वजावट, नवरा-बायकोला २०२५ साठी ३१,५०० होती, वजावटीच्या खर्चाची बेरीज त्याच्या वर गेली तरच उपयोग. हा भाग त्यांनी जरा घाईत उरकला, मला दोनदा विचारावं लागलं.

इथून पैसे पाठवायचं काम मात्र चोख. एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, १० लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते आणि ते रिटर्न भरताना वळतं होतं. आम्ही दोघांच्या खात्यातून निम्मे निम्मे पाठवायचं ठरवलं त्यामुळे कापला जाणारा टीसीएस बराच कमी झाला. लेकीला दिलेल्या गिफ्टवर इथे टॅक्स नाही, तिकडे वर्षाला १ लाख डॉलरच्या वर आले तर तिला तिथे एक फॉर्म भरून कळवावं लागतं, आमचे त्याच्या आत आहेत. गिफ्टचं पत्र कसं लिहायचं त्याचा मराठी-इंग्रजी नमुना दिला. तिकडचं रिटर्न आम्ही भरत नाही, ते तिकडच्या परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ते बरं वाटलं.

मी पाचपैकी चार देईन. एक कापला तो त्या एमयूडीसाठी, थांबवून ठेवलं ते माफ. जाताना घराचा नक्की पत्ता आणि त्या घराचं मागच्या वर्षीचं टॅक्सचं बिल मुलांकडून मागवून न्या, तिकडे ते काउंटीच्या साइटवर कोणालाही बघता येतं. नुसतं राज्याचं नाव घेऊन गेलात तर नुसता टक्का मिळेल, आमचं पहिल्या वेळी तेच झालं.

मुलांनी रालेजवळ कॅरीला जुनं, बारा वर्षांचं घर बघितलंय, बजेटपेक्षा थोडं लहान. जावयाचं म्हणणं होतं एक बेडरूम जास्त हवी, आई-बाबा आले की. मी सांगितलं हॉलमध्ये झोपू, पण हप्ता एकाच्या पगारात निघेल एवढंच घर घ्या. सोमवारी ऑफर देतायत.