हजारो पानांचे काम समांतर चालवताना: वेट, एक्सआर्ग्ज की पॅरलल?

खानापूर किंवा निपाणी भागातील एखाद्या वाचनालयाने जुने अंक आणि अहवाल स्कॅन करून ठेवले असतील व त्यांतील मजकूर टेसरॅक्टने (चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने) काढायचा असेल, तर पाने एकामागून एक घेण्यात फार वेळ जातो. आपल्याकडच्या अनेक पानांवर मराठीच्या शेजारी कन्नडही असते आणि दोन्ही भाषा एकत्र लावल्या की प्रत्येक पान आणखी रेंगाळते. शेल स्क्रिप्टमधून (टर्मिनलच्या आज्ञा लिहून ठेवलेल्या फाइलमधून) हे काम समांतर, म्हणजे अनेक पाने एकाच वेळी घेऊन, चालवण्याचे तीन प्रचलित मार्ग आहेत. त्यांच्या वेगात फारसा फरक नाही, कारण वेग प्रोसेसरच्या कोअरवर (एका वेळी स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांवर) अवलंबून असतो. फरक आहे तो एखादे पान फसले तर ते आपल्याला कळते का, यात.

पहिला मार्ग म्हणजे आज्ञेच्या शेवटी & लावून ती पार्श्वभूमीत सोडणे आणि अखेरीस ‘वेट’ (wait) लिहिणे. त्यासाठी वेगळे काही बसवावे लागत नाही, आणि परस्परांहून भिन्न अशी तीन-चार कामे असतील तर मी हाच मार्ग सुचवेन. मात्र नुसते ‘वेट’ सगळी कामे संपेपर्यंत थांबते व शून्य, म्हणजे ‘सर्व ठीक’ असा संकेत, परत करते, मग आतले एखादे काम फसलेले का असेना. खरा निकाल हवा असेल तर प्रत्येक कामाचा प्रक्रिया क्रमांक जपून त्या-त्या क्रमांकासाठी स्वतंत्रपणे ‘वेट’ करावे लागते. शिवाय लूपमध्ये हजार पानांना & लावले, तर हजार प्रक्रिया एकदम सुरू होतात आणि संगणकाची मेमरी अपुरी पडते. कोणतेही एक काम संपताच पुढचे सोडण्याची सोय बॅश या शेलच्या ४.३ या आवृत्तीपासून आहे, पण मॅकसोबत येणारे बॅश ३.२ असल्याने तेथे ती मिळत नाही.

एकाच प्रकारची पुष्कळ कामे असतील, तर एक्सआर्ग्ज (xargs) या नावांच्या यादीवर आज्ञा चालवणाऱ्या साधनाचा ‘पी’ (-P) पर्याय अधिक सुटसुटीत आहे. एका वेळी किती कामे चालावीत हे तेथे आकड्याने सांगता येते. प्रत्येक आज्ञेला एकच फाइल द्यावी, अन्यथा सगळी नावे एकाच आज्ञेत जातात व समांतरता उरत नाही. फाइलींच्या नावांत मोकळ्या जागा असतील, तर नावे शून्य-बाइटने विभागून पाठवावीत. ग्नूचे एक्सआर्ग्ज काही फसल्यास १२३ हा निर्गमन-संकेत (संपताना दिलेला निकालाचा आकडा) देते, परंतु नेमके कोणते पान फसले ते सांगत नाही, आणि अनेक कामांचे संदेश पडद्यावर एकमेकांत मिसळतात.

तिसरा मार्ग म्हणजे ग्नू पॅरलल हे साधन. ते वेगळे बसवावे लागते, पण प्रत्येक कामाचे आउटपुट ते एकत्र ठेवते आणि सांगितल्यास कामांची नोंदवही लिहिते. पावसाळ्यात खानापूरकडे वीज मध्येच गेली, तर त्या नोंदवहीच्या आधारे उरलेलीच पाने पुन्हा चालवता येतात. ही जुळणी कामाच्या अनुक्रमांकावर होत असल्यामुळे फाइलींची यादी मध्येच बदलू नये. फसलेल्या पानांसाठी वेगळा पर्याय आहे, कारण साधे पुनरारंभ त्यांनाही झालेलीच समजते. रात्रभर चालणाऱ्या कामासाठी मी निःसंकोचपणे पॅरलल निवडेन.

मार्ग कोणताही असो, टेसरॅक्ट स्वतःच अनेक थ्रेड वापरते, म्हणजे एकाच पानाचे काम अनेक कोअरवर वाटते. म्हणून ‘ओएमपी थ्रेड लिमिट’ (OMP_THREAD_LIMIT) हा पर्यावरण-चल (शेलमध्ये आधी ठरवून ठेवायचे मूल्य) १ वर ठेवावा, आणि समांतर कामांची संख्या कोअरच्या संख्येइतकीच ठेवून आधी थोड्या पानांवर वेळ मोजून पाहावी.