पेशवे दप्तर, पुणे: रुमाल सोडण्याआधी

कौन्सिल हॉलजवळच्या दगडी इमारतीतलं पुणे पुराभिलेखागार अभ्यासकांच्या तोंडी अजूनही ‘पेशवे दप्तर’च आहे. सुमारे ३९ हजार रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे), आत कोट्यवधी कागद, बहुतेक मोडी लिपीत. महसूल, गावगाडा, वतनाची भांडणं यांवर काम करायचं तर याला पर्याय नाही. पानिपतावर काही नवं मिळेल म्हणून येणाऱ्याने मात्र आधी गो. स. सरदेसाईंनी १९३० ते ३४ दरम्यान संपादित केलेले ४५ खंड चाळावेत. राजकारणाच्या पत्रांवर तिथे हात फिरलेला आहे. हिशेबी कागदांचा ढीग रुमालांतच आहे.

विषयवार सूचीची आशा नको. शाहू दप्तर, रोजकीर्द (रोजच्या नोंदी), घडणी (खातेवार हिशेब), प्रांत अजमास (प्रांतांचे महसुली अंदाज) अशी जुन्या कारभाराच्या वळणाची मांडणी आहे. ‘दुष्काळाचे कागद द्या’ म्हटल्याने काही निघत नाही. प्रांत, परगणा आणि साल सांगता आलं, की रुमालापर्यंत पोचता येतं.

साल म्हणजे सुहूर सन, मराठी कारभारातली कालगणना, तोही अरबी शब्दांत. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार: ११६१. हे वर्ष मृगाला सुरू होतं. म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. सरसकट ६०० मिळवले की भाद्रपदातला कागद वर्षभर पुढे सरकतो, आणि ही चूक छापील लेखांतही भेटते. महिने मुसलमानी, तेव्हा तारखा जुळवायची जंत्री जवळ हवीच.

दुसरा चकवा दोन दंडांचा. आकड्यापुढे ॥ आला तर अर्धा (४॥ म्हणजे साडेचार), अक्षरापुढे आला तर शब्द तोडलेला: ‘मु॥’ म्हणजे मुक्काम. घाईच्या हातात दोन्ही सारखेच दिसतात. त्यातून मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नाहीत. छापील मोडीवर महिनाभर सराव केलेला माणूसही पहिल्या रोजकीर्दीपुढे अडखळतो. हस्तलिखिताच्या नकला घेऊन सराव केलेला बरा.

टिपणं पेन्सिलीने, प्रत्येक टिपणावर दप्तराचं नाव आणि रुमाल क्रमांक. कागदांचा क्रम अजिबात हलवू नका: पुष्कळ चिठ्ठ्यांवर साल नसतं, ते शेजारच्या कागदावरूनच ठरवावं लागतं. दोन दिवसांत एक रुमालही धड वाचून होत नाही. निदान आठवडा काढून या.