थायलंडच्या ग्रुप टूरवर आजारी पडलात तर: फार्मसी, सेव्हन-इलेव्हन, हॉस्पिटल आणि विमा, कुणाला किती गुण?

थायलंडमध्ये औषधाची सोय आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. घोळ होतो तो वेळापत्रकाचा. बँकॉक-पट्टायाच्या पाच-सहा दिवसांच्या सहलीत सकाळी लवकर नाश्ता, लगेच बस, आणि दर दोन-तीन दिवसांनी बॅगा भरून हॉटेल बदलायचं. रात्री दोनला सुरू झालेले जुलाब सकाळी ‘बघू, थांबतील’ म्हणून दडवले, की दुपारी कोरल आयलंडच्या स्पीडबोटीत ते सगळ्यांना कळतात. म्हणून इथे गुण देताना कसोटी एकच लावली आहे: भाषा येत नसताना, बस सुटायच्या आत, यातलं कोण कामाला येतं?

फार्मसी: ५ पैकी ४.५

हिरव्या क्रॉसची पाटी शोधायची. बूट्स आणि वॉटसन्सची दुकानं मॉलमध्ये असतात, पण पर्यटकांच्या भागात गल्लीतली स्वतंत्र दुकानंही तितकीच कामाची. काउंटरवर फार्मासिस्ट असतो, बऱ्याचदा त्याला कामापुरतं इंग्रजी येतं, आणि मुख्य म्हणजे तो प्रश्न विचारतो: कधीपासून, किती वेळा, ताप आहे का, रक्त पडतंय का, कसली ॲलर्जी, बाकी काय औषधं चालू. आपल्याकडे ‘पोट बिघडलंय, काहीतरी द्या’ म्हटलं की गोळी पुढ्यात येते, तसं इथे सहसा होत नाही.

जाताना मोबाईलमध्ये रोजच्या औषधांची मूळ नावं लिहून न्या. डोलो, क्रोसिन, अस्थालिन, पॅन-डी ही नावं तिथे कुणाला ठाऊक नाहीत. पॅरासिटामॉल, सालब्युटामॉल, पॅन्टोप्राझोल-डॉम्पेरिडोन म्हटलं की लगेच कळतं. थाई शब्द पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. ‘खाय’ आखूड आणि योग्य हेल काढून म्हटलं तर ताप, लांबवलं तर विकणं. आपल्या तोंडून दोन्ही सारखंच बाहेर पडतं. भाषांतराच्या ॲपवर लिहून स्क्रीन दाखवणं बरं.

अर्धा गुण कापला तो अँटिबायोटिकपायी. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय फार्मासिस्ट बरीच अँटिबायोटिक्स देऊ शकतो, आणि पर्यटकाला घाई असते म्हणून तो देतोही. साधे पातळ जुलाब, ताप नाही, रक्त नाही, तर ते दोन-तीन दिवसांत ओआरएसवरच थांबतात. ताप किंवा रक्त असेल तर गोष्ट वेगळी. घरून नेलेली नॉरफ्लॉक्स किंवा ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी तिथे बऱ्याचदा फुकट जाते. थायलंडमध्ये जुलाबामागे कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू पुष्कळदा असतो आणि त्या गटातल्या औषधांना तो दाद देत नाही. म्हणून आग्नेय आशियात अझिथ्रोमायसिनला पसंती असते. ते आपल्या मनाने सुरू करू नका, विशेषतः हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर.

लोपरामाइड ही खास बसप्रवासाची गोळी. मोठ्या माणसाला आधी २ मिलिग्रॅमच्या दोन, मग प्रत्येक पातळ शौचानंतर एक, आणि डॉक्टरांना न विचारता दिवसाला चारच्या वर नाही. ताप किंवा रक्त असताना घेऊ नका, लहान मुलांना देऊ नका. ती जुलाब अडवते, आजार बरा करत नाही.

एक खोच वेळेची. बरीच छोटी दुकानं सकाळी नऊ-दहाला उघडतात, तोवर बस निघून गेलेली असते. रात्री मात्र ती उशिरापर्यंत चालू असतात. पोटात गुरगुर संध्याकाळी सुरू झाली असेल तर जेवणानंतर फेरफटक्याला निघताना औषध घेऊन ठेवा.

सेव्हन-इलेव्हन: ५ पैकी ४

चोवीस तास उघडं, हॉटेलपासून बहुधा पाच मिनिटांवर. पॅरासिटामॉल, ओआरएस, कोळशाच्या कॅप्सूल इथे मिळतात. ज्या शाखेला जोडून फार्मसी आहे ती सोडली तर बाकी औषधांची अपेक्षा ठेवू नका.

ओआरएस घेताना हमखास चूक होते. आपलं इलेक्ट्रालचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यात जातं. थाई पाकिटं छोटी, ग्लासभर पाण्यापुरती असतात. पाकिटावर मिलिलिटरचा आकडा असतो, तेवढंच पाणी घ्या. छोटं पाकीट लिटरभर बाटलीत टाकलं तर नुसतं वासाचं पाणी पोटात जातं, आणि उलट केलं तर खारट पाण्याने जुलाब वाढतात. दुसरी गफलत: काही पाकिटांवर आणि बाटल्यांवर ‘ओआरटी’ लिहिलेलं असतं. ते घाम गाळणाऱ्या खेळाडूंसाठी, साखर जास्त असलेलं पेय असतं. जुलाबाला ‘ओआरएस’च हवं. प्रत्येक शौचानंतर एक ग्लास. उलटी होत असेल तर दहा मिनिटं थांबून चमचा-चमचा, दर मिनिट-दोन मिनिटांनी. घटाघट प्यायलं की ते परत वर येणारच.

कोळशाच्या कॅप्सूल थाई लोक सर्रास घेतात. त्याने शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नका. पण कोळसा इतर औषधंही शोषून घेतो, त्यामुळे बीपी-मधुमेहाच्या गोळीत आणि त्यात निदान दोन तासांचं अंतर ठेवा. तशीच काळजी पॅरासिटामॉलची. ‘सारा’ आणि ‘टायलेनॉल’ हे नुसतं पॅरासिटामॉल, तर ‘टिफी’सारख्या सर्दीच्या गोळीत तेच इतर औषधांबरोबर मिसळलेलं. दोन्ही, वर घरची डोलो ६५०, असं तीन माणसांच्या सल्ल्याने तीन दिशांनी पॅरासिटामॉल पोटात जातं. नाकाला लावायच्या त्या छोट्या नळ्या, ‘या-दोम’, बसमध्ये मळमळताना बऱ्या वाटतात. त्याहून जास्त काही त्यांच्याकडून अपेक्षू नका.

आजाऱ्याच्या जेवणासाठी मात्र या दुकानाला पैकीच्या पैकी. ग्रुपचं जेवण भारतीय रेस्टॉरंटमध्ये असतं, म्हणजे तेलाचा तवंग आलेलं पनीर आणि जाड नान. बिघडलेल्या पोटाला ते नकोच. इथे शिजवलेल्या पांढऱ्या भाताचं पाकीट मिळतं, काउंटरवर मायक्रोवेव्हमध्ये गरम करून देतात. सुटं केळं मिळतं, दही मिळतं, नूडल्ससाठी ठेवलेलं उकळतं पाणीही असतं. बॅगेत मेतकुटाची पुडी असेल तर गरम मेतकूट-भात तयार. थाई लोक आजारपणात ‘जोक’ नावाची भाताची पेज खातात आणि ती उत्तम असते. पण त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे गोळे आणि त्याच हाडांचं सूप असतं, वरून मांस काढून दिलं तरी. शाकाहाऱ्यांनी साधा ‘खाव-तोम’ म्हणजे नुसता पातळ भात मागावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान दिसलं तर तिथे मांस-मासे-अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो.

टूर मॅनेजर आणि सहल कंपनी: ५ पैकी ३

हे तीन गुण कुणा एका कंपनीचे नाहीत, या पद्धतीचे आहेत. चाळीस माणसांमागे एक टूर मॅनेजर असेल तर तो आजाऱ्यापाशी दिवसभर थांबू शकत नाही, तशी अपेक्षाही धरू नका. तो हॉटेलच्या रिसेप्शनला सांगेल, स्थानिक गाइडमार्फत टॅक्सी आणि हॉस्पिटल ठरवून देईल, विमा कंपनीचा नंबर देईल. सोबतीला घरचंच माणूस लागतं. एकट्याने सहलीला आलेल्यांनी खोलीतल्या जोडीदाराला निदान आपले आजार आणि घरचा नंबर पहिल्याच दिवशी सांगून ठेवावा.

सकाळी बस सुटायच्या आधी मॅनेजरला तीन गोष्टी विचारून घ्या: आज हॉटेल बदलायचं आहे का, खोली किती वाजेपर्यंत ठेवता येईल, आणि संध्याकाळी ग्रुप नेमका कुठे असेल. पट्टाया ते बँकॉक साधारण दीडशे किलोमीटर, रस्ता मोकळा असेल तर दोन तास. एक दिवस खोलीत झोपून संध्याकाळी टॅक्सीने ग्रुपला गाठणं सहज जमतं. त्या टॅक्सीचे पैसे आणि चुकलेल्या स्थळांचे पैसे बहुतेक करारांत तुमचेच असतात. तरीही अर्धमेल्या अवस्थेत बसमध्ये दोन तास काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. ‘पैसे भरलेत, वसूल करायलाच हवेत’ या एका विचाराने पोटाच्या विकारांहून जास्त लोक आडवे होतात. स्पीडबोटीच्या पुढच्या भागात आपटे जास्त बसतात. गरोदर बाई किंवा पाठदुखीचा माणूस असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावर थांबावं. बोट लागणाऱ्याने गोळी निघण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही. नाक चोंदलेलं असताना सी वॉकला, म्हणजे हेल्मेट घालून समुद्राच्या तळाशी चालायला, उतरू नका. दाब बरोबरीला आणता आला नाही की कानात कळा येतात आणि पडद्याला इजा होऊ शकते.

एप्रिल-मे म्हणजे आपल्या शाळांची सुट्टी आणि तिथला कडक उन्हाळा, दोन्ही एकदम. बँकॉकच्या राजवाड्यात खांदे आणि पाय झाकणारे कपडे सक्तीचे, सावली कमी. चक्कर, डोकेदुखी, मळमळ म्हणजे सावलीत बसवा, कपडे सैल करा, ओआरएस द्या. बडबड असंबद्ध झाली किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओतत १६६९ ला फोन करा. हा तिथला तातडीच्या वैद्यकीय मदतीचा नंबर. भाषेची अडचण आली तर पर्यटक पोलिसांचा ११५५.

हॉस्पिटल: उपचाराला ४.५, खिशाला २

बँकॉक, पट्टाया, फुकेत इथली मोठी खासगी हॉस्पिटलं परदेशी रुग्णांवरच उभी आहेत. बँकॉकचं बुमरुंग्राड १९८० सालचं, २००२ मध्ये आशियात सगळ्यांत आधी जेसीआय हे हॉस्पिटलच्या दर्जाचं आंतरराष्ट्रीय मानांकन मिळवलेलं. दुभाषे, झटपट तपासण्या, सगळं मिळतं. मात्र साध्या ओपीडीचं बिलही काही हजार बाटांवर जातं. तपासण्यांपूर्वी अंदाजे खर्च विचारा, ते सांगतात. चिठ्ठी हातात घेऊन औषधं बाहेरून घेता येतील का तेही विचारा. मूळ पासपोर्ट न्या, आणि निघताना इंग्रजीतला वैद्यकीय अहवाल व सविस्तर बिल घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

फार्मसी टाळून सरळ हॉस्पिटल गाठायचं कधी? शौचात रक्त आणि ताप एकत्र, सहा-आठ तास लघवी नाही, घोटभर पाणीही टिकत नाही, छातीत दुखतंय, मूल गळून गेलंय, किंवा मधुमेही माणसाला सतत उलट्या होताहेत. अशा वेळी मेटफॉर्मिन आणि लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या चालू ठेवायच्या का, हे डॉक्टरांना विचारा. इन्शुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका.

माकड चावलं किंवा कुत्र्याने ओरखडलं तर ‘छोटंसंच आहे’ म्हणून सोडू नका. साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. बँकॉकमध्ये रामा ४ रस्त्यावर थाई रेडक्रॉसची क्वीन साओवाभा संस्था आहे, तिथलं सर्पोद्यान पर्यटकांना माहीत असतं. रेबीजची त्वचेत द्यायची ‘थाई रेडक्रॉस’ पद्धत याच संस्थेशी जोडलेली, आणि तिचं सुधारित रूप आपल्या सरकारी दवाखान्यांतही चालतं. कुठल्या तारखेला कुठली लस, कोणत्या पद्धतीने, हे लिहून आणलं की पुढचे डोस घरी घेता येतात.

विमा: ५ पैकी ३

टूरच्या पैशातच विमा असतो, पण पॉलिसी कुणी उघडून बघत नाही. बऱ्याच पॉलिसींत दाव्यातले पहिले १०० डॉलर तुमचे, म्हणजे साध्या जुलाबाच्या ओपीडीला हाती फारसं लागत नाही. जुने आजार बहुधा वगळलेले, जिवावर बेतलं तरच अपवाद. भरती व्हायच्या आधी मदत क्रमांकावर फोन करायचा. तिथून हमीपत्र आलं की हॉस्पिटल रोख मागत नाही, नाही तर कार्डावर मोठी रक्कम अडकते. पॉलिसी क्रमांक आणि पासपोर्टच्या पानांचे फोटो सोबतच्या माणसाच्या फोनमध्येही असू द्या.

घरून काय न्यायचं यात एक सावधगिरी. अल्प्राझोलम, डायझेपाम यांसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या आणि स्युडोएफेड्रिन असलेली सर्दीची औषधं थायलंडमध्ये कडक नियंत्रणाखाली आहेत. गरज असेल तर मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, तीस दिवसांपुरतीच. कोडीनची खोकल्याची बाटली घरीच राहू द्या. इन्शुलिन हातातल्या बॅगेत, आणि किल्लीचं कार्ड काढल्यावर खोलीतला फ्रिज बंद होतो का ते रिसेप्शनला विचारा.

ताप आला तर कॉम्बिफ्लाम नको. त्यात आयबुप्रोफेन असतं, आणि डेंग्यू असेल तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. नुसतं पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यूचा ताप डास चावल्यावर चार ते दहा दिवसांनी येतो, म्हणजे पुष्कळांना तो पुण्या-मुंबईत परतल्यावरच गाठतो. अशा वेळी डॉक्टरांना थायलंडची सहल आणि परतल्याची तारीख पहिल्याच वाक्यात सांगा.