किसुमूला जाण्याआधीची फाईल: कुठला कागद लागला, कुठला नुसता वाहिला

मी सांगलीची, शाळेत गणित शिकवते. केनियात किसुमूजवळच्या एका छोट्या शाळेत तीन महिने विनामोबदला शिकवून आले. राहणं-जेवण त्यांचं, बाकी सगळं माझ्या खिशातून. परत येऊन एकोणीस दिवस झालेत, म्हणून आता ठामपणे लिहिते. माझे पैसे महागाईत गेले नाहीत, क्रम चुकल्यामुळे गेले.

पासपोर्ट सांगलीच्या पोस्टातच झाला, 1500 रुपये. तत्काळसाठी आणखी 2000 लागतात, ते वाचवले. पोलीस पडताळणीला आलेल्या दादांनी शेजारच्या काकूंना माझ्याबद्दल इतकं विचारलं की काकूंना वाटलं, स्थळ आलंय.

पहिली चूक पोलीस दाखल्याची. मुलांमध्ये काम, म्हणून मला बोलावणाऱ्या तिथल्या संस्थेला तो हवा होता. मी स्थानिक पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून पाठवला. नोकरीला चालतो, इथंही चालेल! संस्थेचं उत्तर आलं, यावर पासपोर्ट नंबर नाही. त्यांना हवी होती पासपोर्ट कार्यालयाची पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, तिची फी 500. म्हणजे पहिला खर्च पाण्यात. वर ती सहा महिन्यांच्या आतली हवी होती, त्यामुळे फार लवकर काढूनही उपयोग नाही.

यलो फिव्हरच्या, म्हणजे पिवळ्या तापाच्या लसीची गंमत वेगळीच. केनिया ही लस मागतं ती पिवळ्या तापाच्या देशांतून येणाऱ्यांकडे. आपण त्यात नाही. मग कशाला घ्यायची? तर केनिया स्वतः त्या देशांत आहे, म्हणून परत येताना आपलाच देश मागतो. लस घेतल्याचं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. ही लस गल्लीतल्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते. मी पुण्याला गेले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, म्हणून दोन फेऱ्या परवडल्या. दोन का? पहिल्यांदा पासपोर्टची झेरॉक्स घेऊन गेले होते. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "ओरिजिनल." एका कुपीत बऱ्याच जणांचे डोस असतात आणि ती फोडली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून तिथं ठरलेल्या दिवशीच टोचतात. परत पुढच्या आठवड्यात. 300 रुपये, दंडात बारीकशी सुई, आणि पिवळं कार्ड. अंड्याची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. कार्ड लागू होतं दहा दिवसांनी, पण मग आयुष्यभर चालतं.

हेपॅटायटिस बी न घेतलेल्यांनी सगळ्यात आधी त्याच्या मागे लागावं. तीन डोस: आज, महिन्यानं, सहा महिन्यांनी. मी जानेवारीत सुरू केलं, तिसरा जुलैत झाला आणि त्याच आठवड्यात निघाले. टायफॉइड आणि धनुर्वात एका फेरीत उरकले.

परवान्याबद्दल मात्र कुणाचं ऐकू नका. केनियात 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवानगी आहे, 30 डॉलर, घरबसल्या मिळतं. ओळखीतल्या एकानं सांगितलं, "टुरिस्ट म्हण आणि जा, कोण बघतंय." पण पगार नसला तरी काम ते कामच. मी संस्थेच्या मागे लागून स्पेशल पास, म्हणजे थोड्या काळासाठी कामाचा परवाना, काढायला लावला. माझे चार मेल, दोन फोन आणि बरीच धाकधूक खर्ची पडली. शेवटी पास आला आणि झोप लागली.

आता खरं वापरातलं. नैरोबीत ईटीए बघितलं. पीसीसी मुख्याध्यापकांनी चष्मा लावून पूर्ण वाचली, मग कपाटात ठेवली. विम्याचा कागद कुणी मागितला नाही, पण ताप आला तेव्हा तो जवळ आहे एवढ्यानं धीर आला. ताप मलेरियाचा नव्हता. फिटनेस सर्टिफिकेट, ज्यासाठी एक्स-रे आणि रक्तलघवी केली, ते अख्ख्या प्रवासात कुणी उघडलंही नाही. आधी संस्थेला विचारलं असतं तर तेवढे वाचले असते. आईनं शेंगदाण्याच्या चटणीला बांधलेल्या कॅरीबॅगा मात्र निघताना काढाव्या लागल्या, केनियात 2017 पासून बंदी आहे.

पिवळं कार्ड मुंबईत उतरल्यावर निघालं. टेबलामागच्या माणसानं शिक्क्याच्या तारखेवर बोट ठेवलं, पासपोर्टाशी नंबर ताडला, "चला." दोन पुणे फेऱ्या, आणि दहा सेकंद!

मलेरियासाठी डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन लिहून दिली, रोज एक. जनऔषधीत स्वस्तात मिळाली. पहिल्या आठवड्यात रात्री घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवी झाले, तर छातीत निखारा ठेवल्यासारखी जळजळ. तेव्हापासून दुपारी जेवल्यावर, पेलाभर पाणी, अर्धा तास बसून. उन्हात कातडी लवकर भाजते, ओढणी डोक्यावर घ्या. आणि परत आल्यावरही चार आठवडे घ्यायची असते, इथंच बरेच जण सोडतात. माझ्या अजून नऊ गोळ्या आहेत. दुपारी ताट उचललं की आई विचारते, "घेतलीस का गं?"