"वहिनी, शेवटचा आकडा सांगून ठेवा"

गेल्या वर्षी कळव्याला खारेगावात आम्ही जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके घेतला. एजंट ओळखीतून आलेला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "वहिनी, शेवटचा आकडा सांगून ठेवा, म्हणजे मालकाशी मला भांडता येईल. मी तुमचाच माणूस." मी सांगून टाकलं, ओढूनताणून ६५ लाख. मूर्खपणा केला तो तिथेच.

मालकीणबाई फटकळ आहेत, त्यांच्याशी भावाचं बोलायचं नाही, अशी तंबी होती. निरोप इकडून तिकडे तोच न्यायचा. "६८ च्या खाली येतच नव्हत्या, घासून घासून ६४ वर आणलं," म्हणाला, तेव्हा मी त्याला पेढे दिले होते!

रजिस्ट्रेशनच्या दिवशी नंबर लागेपर्यंत आम्ही दोघी एकाच बाकावर. फटकळ कसल्या, मावशींनी डब्यातली खोबऱ्याची वडी पुढे केली. फोटो-अंगठे उरकून बाहेर पडताना म्हणाल्या, "मी ५८ लाच द्यायला निघाले होते गं. हाच म्हणाला, थांबा, पार्टी ६५ पर्यंत येते." वडी हातातच राहिली.

सहा लाख गेले. त्यांच्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क, आणखी ४२ हजार. दलाली २ टक्के माझ्याकडून, २ टक्के मावशींकडून, म्हणजे त्याचे २ लाख ५६ हजार. भाव चढला की त्याचाही वाटा चढतो, मग तो भांडणार कोणाशी? फोन केला तर निवांत: "दोन्हीकडून घ्यायची पद्धतच आहे." आहे खरी, मीही ऐकून होते. पण पद्धत टोकन घेण्याआधी का नाही सांगितली?

त्याच्या कार्डावर महारेराचा, म्हणजे घरखरेदी-विक्रीवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर होता, त्याचा मला केवढा आधार वाटायचा. नंतर कळलं, एजंटाच्या नोंदणीची ती सक्ती रेरा कायद्याखाली नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. आमची बिल्डिंग त्या कायद्याच्या कितीतरी आधीची.

तुम्ही घर बघत असाल तर बजेट पोटात ठेवा, आणि मालकासमोर बसून भाव बोलल्याशिवाय टोकन देऊ नका. नोंदणी खात्याच्या साइटवर इंडेक्स टू शोधता येतो, कोणता फ्लॅट कितीला नोंदला ते दिसतं. मी बघितलं, पण सगळं उरकल्यावर. आमच्याच जिन्यातला, खालच्या मजल्यावरचा, तेवढाच फ्लॅट, आमच्या आधी आठ महिने: ५७ लाख.